एएस/४०० म्हणायचं की आयबीएम आय?

प्रश्न असा आलाय: "आमच्या टीममधले सीनियर लोक सर्रास एएस/४०० म्हणतात, नवीन मॅनेजर म्हणतात ते नाव कधीच बंद झालं, आता आयबीएम आय म्हणा. बरोबर काय?"

माझं मत आधी सांगतो. बोलण्यात एएस/४०० अजिबात चूक नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांना जुन्या वळणाचे ठरवणं हा अन्याय आहे.

एएस/४०० म्हणजे कंपन्यांचे हिशेब नि व्यवहार सांभाळणारा कॉम्प्युटर; हे मशीन आयबीएमने जून १९८८ मध्ये आणलं, अमेरिकेत मिनेसोटामधल्या रॉचेस्टरला ते घडलं, एएस म्हणजे ॲप्लिकेशन सिस्टीम. बारा वर्षं तेच नाव राहिलं आणि बँका, कारखाने, विमा कंपन्या, गोदामं सगळीकडे रुजलं. मग २००० साली कंपनीने सगळ्या सर्व्हरना एका छापाची नावं दिली, झेडसिरीज, पीसिरीज, एक्ससिरीज आणि याला आयसिरीज. २००४ मध्ये ते झालं आय५, २००६ मध्ये सिस्टीम आय, आणि २००८ मध्ये मशीनचं स्वतंत्र नावच गेलं, ते पॉवर सिस्टीम्स या आयबीएमच्या सर्व्हरमालिकेत मिसळलं आणि ऑपरेटिंग सिस्टीम झाली आयबीएम आय. आठ वर्षांत चार नावं! एक तोंडात बसेपर्यंत दुसरं हजर. त्यात ओएस/४०० या मूळ ऑपरेटिंग सिस्टीमचं जे आय५/ओएस केलं त्यातला ५ हा पॉवर५ प्रोसेसरवरून घेतलेला, आणि २००७ मध्ये पॉवर६ आला तेव्हा तो आकडा लगेच शिळा झाला.

आणि या सगळ्यात आतली वस्तू मात्र तीच राहिली, हा मला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. १९९५ मध्ये प्रोसेसर मुळापासून बदलला, ४८ बिटांवरून ६४ बिटांवर गेले, तरी लोकांचे आरपीजी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतले प्रोग्रॅम पुन्हा न लिहिता चालले, कारण प्रोग्रॅम आणि हार्डवेअरच्या मधे एक थर मुद्दाम ठेवलेला होता. जुनं काही मोडणार नाही याच भरवशावर लोकांनी पैसे घातले, मग ज्या गोष्टीचं मोठेपणच सातत्यात आहे तिचं नाव लोकांनी का म्हणून बदलावं?

शिवाय 'आय' हे एकच अक्षर, ते इंटरनेटवर शोधून बघा, काही म्हणता काही हाती लागत नाही. आपल्या मराठीत तर आणखी अडचण, नावाला विभक्तीचा प्रत्यय लागल्याशिवाय आपलं वाक्य पुढे सरकत नाही. "एएस फोर हंड्रेडला कनेक्ट कर" सरळ जातं, पण "आयला कनेक्ट कर" हे ऑफिसात चारचौघांत कोण म्हणणार! आयसिरीज त्या मानाने सुटसुटीत होतं, "आयसिरीजवर टाक" म्हणता येतं, म्हणून ते नाव अजून बऱ्याच जणांच्या बोलण्यात टिकून आहे.

आता मॅनेजरांची बाजू. नव्या नावाचा आग्रह धरणारे सगळे काही कंपनीची री ओढणारे नसतात, त्यात हे मशीन जीव लावून सांभाळणारेही खूप आहेत. त्यांचं म्हणणं असं की एएस/४०० ऐकलं की वरच्या साहेबांच्या डोळ्यापुढे हिरवी अक्षरं आणि काळा पडदा येतो, हे जुनं झालं, काढून टाका असा निर्णय होतो, आणि मग चालती सिस्टीम जाते नि माणसांची कामंही जातात. ही भीती खरी आहे, आयबीएम आयच्या नव्या आवृत्त्या आजही येतायत हे नावामुळेच कित्येकांना कळत नाही.

म्हणून लिहिताना मी असं करीन: डॉक्युमेंटमध्ये, टेंडरमध्ये, साहेबांना पाठवायच्या मेलमध्ये पूर्ण 'आयबीएम आय', नुसतं आय कधीच नाही, आणि प्रत्यय लावायचा तर 'आयबीएम आय सिस्टीमला', 'आयबीएम आय सिस्टीमवर' असा. मशीनबद्दल बोलायचं तर पॉवर सर्व्हर. बायोडेटात दोन्ही नावं घाला, नोकरीच्या जाहिरातींत अजून एएस/४०० डेव्हलपर असंच येतं. आणि सीनियर मंडळींना बोलताना कुणी टोकू नये.