५० किलोचा हट्ट आणि जानेवारीची फुल मॅरेथॉन

तू विचारलंयस ते थोडक्यात असं: वय २९, उंची १६० सेंमी, वजन ५८. जानेवारीत मुंबईला पहिली फुल, हातात दहा आठवडे. ग्रुपमधले म्हणतात ५० वर ये, वेळ धाडकन उतरेल. म्हणून रात्रीचं जेवण बंद, दिवसाला १५०० कॅलरी. आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंयस की दोन महिने पाळी आलेली नाही, "बरंच झालं, लाँग रनची कटकट गेली."

मी त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण बाकीचं सगळं त्यानंतर येतं.

आधी घरच्या घरी प्रेग्नन्सी टेस्ट, मग याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन त्या बघतीलच. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि व्हिटॅमिन डी तू आपणहून विचारून घे. आठवड्याला किती किलोमीटर धावतेस आणि किती खातेस, हे त्यांनी विचारलं नाही तरी सांग. नाहीतर गोळ्या मिळतात, रक्तस्राव होतो आणि सगळं ठीक झालं असं वाटतं. गोळ्यांनी आलेली पाळी ही तुझी पाळी नव्हे, मूळ कारण तसंच राहतं. आणि ते कारण बहुतेक वेळा साधं असतं: व्यायामाला लागणारी ऊर्जा वजा केल्यावर शरीर चालवायला पुरेसं काही उरत नाही. मग मेंदूकडून बीजांडकोशाला जाणारे संकेत मंदावतात, इस्ट्रोजेन घटतं आणि त्याचा मार हाडांवर बसतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली याला रेड-एस (खेळात ऊर्जा कमी पडण्याची अवस्था) असं नाव दिलं आणि २०२३ मध्ये त्यावरचं निवेदन नव्याने काढलं. पुरुषांनाही हे होतं, फक्त त्यांना पाळीसारखी खूण नसते. ग्रुपमधल्या दादालोकांनी हेही वाचावं.

आता तुझाच हिशेब मांडू. ५८ किलोत चरबी सोडून साधारण ४२ किलो धर. १० किलोमीटर धावलीस की ढोबळमानाने ५८० कॅलरी गेल्या (किलोला किलोमीटरमागे एक, इतकं सोपं आहे). १५०० मधून ५८० गेले, उरले ९२०. भागिले ४२, म्हणजे किलोमागे २२. स्त्रियांमध्ये ४५ च्या आसपास असेल तर शरीर निवांत असतं, ३० च्या खाली दीर्घकाळ राहिलं की गडबडीची शक्यता वाढत जाते. तू २२ वर आहेस, आणि तेही १० किलोमीटरच्या दिवशी. रविवारी इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर २८ किलोमीटर मारतेस तेव्हा नुसत्या धावण्यालाच १६०० च्या वर लागतात, म्हणजे त्या दिवशी तू शरीराला शून्यापेक्षाही कमी देतेस.

"एक किलो म्हणजे साडेचार मिनिटं" हा ग्रुपमधला हिशेब मात्र चुकीचा नाही. साडेचार तासांच्या मॅरेथॉनला ५८ मधला एक किलो म्हणजे पावणेदोन टक्के, कागदावर तेवढीच मिनिटं निघतात. मोह होणारच. पण तो किलो चरबीचा हवा, आणि पायातली ताकद, झोप, रक्त जिथल्या तिथे राहायला हवं. आठ किलो चरबी दहा आठवड्यांत घालवायची तर रोज जवळजवळ ९०० कॅलरींची तूट लागते. लाँग रन वाढत असताना ही तूट चरबीबरोबर स्नायूंतूनही भरली जाते. शिवाय तुझा बीएमआय आत्ताच २२.७ आहे, आपल्याकडच्या २३ च्या मर्यादेच्या आत. तब्येतीसाठी तुला एक किलोही कमी करायची गरज नाही.

मग रेस वेट, म्हणजे शर्यतीसाठी तुझं योग्य वजन, शोधायचं कसं? आधी आकडा ठरवून त्याच्यामागे धावायचं नाही. सकाळी संडासला जाऊन आल्यावर वजन कर, रोजचं विसर, आठवड्याची सरासरी लिही. सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन आलीस की दुसऱ्या दिवशी काटा एक-दीड किलो वर जातो, ते मिठाचं आणि पाण्याचं. त्या सरासरीशेजारी महिन्यातून दोनदा एकच रस्ता, एकच हार्टरेट आणि त्यावर किती पेस (धावण्याचा वेग) येतो तो लिही. वजन उतरतंय आणि पेस सुधारतोय तोवर ठीक. वजन उतरतंय आणि त्याच हार्टरेटला पेस सुस्त होतोय, सर्दी हटत नाही, झोप तुटते, तर तुझं रेस वेट त्या आकड्याच्या वर आहे. जिममधल्या मशीनच्या चिठ्ठीवरचा फॅट टक्का मी मनावर घेत नाही, पाणी कमी-जास्त प्यायलं तरी तो बदलतो.

सध्या फक्त इतकं कर: रात्रीचं जेवण आजपासून चालू. वरण-भात, वर तूप, सोबत दही. प्रोटीन दिवसाला ९० ग्रॅमच्या आसपास: मूग, चणे, पनीर, सोयाबीन, अंडी चालत असतील तर अंडी. लाँग रनला उपाशी निघायचं नाही, वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट, एनर्जी जेल परवडत नसेल तर खजूर आणि गूळपाणी. परतताना पोह्यांची प्लेट घे, शेव आणि जिरावन मसाला घालून, आणि जिलेबीही; त्या वेळी ती औषध आहे. त्यासोबत दूध किंवा दही मात्र हवंच, नुसत्या पोह्यांत प्रोटीन फारसं नसतं.

रेसच्या आधीचे दोन-तीन दिवस भात-बटाटे वाढवशील तेव्हा काटा एक-दोन किलो वर जाईल. मुंबईच्या गाडीत, अवंतिकेत, बसताना ते बघून घाबरू नकोस. एक ग्रॅम ग्लायकोजेन (स्नायूंत साठवलेलं कार्बोहायड्रेट) सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, आणि इंदूरच्या थंडीत सराव करून मुंबईच्या दमटपणात उतरणाऱ्याला पेडर रोडच्या चढावर दोन्ही उपयोगी पडतात.

वजन उतरवायचंच असेल तर पाळी नियमित झाल्यावर, मार्चनंतर, डॉक्टरांना विचारून. तेव्हाही २०० ते ३०० कॅलरींच्या वर तूट नको, आणि तीही हलक्या धावेच्या दिवशी.

एक विचारायचं राहिलं. नडगीवर बोटाने दाबलं तर एखाद्या ठराविक जागीच दुखतं का? दुखत असेल तर रविवारचे २८ रद्द, आधी हाडांचे डॉक्टर. एक्स-रेमध्ये सुरुवातीचं स्ट्रेस फ्रॅक्चर बरेचदा दिसत नाही, तेव्हा एमआरआय लागेल का हे त्यांना विचार.