आवडती मांजर कुठली, त्यावरून माणूस ओळखता येतो का?

प्रश्न : ताई, ऑफिसमध्ये सगळ्यांनी मोबाईलवर एक क्विझ खेळली, तुमची आवडती मांजर निवडा, आम्ही तुमचा स्वभाव सांगतो अशी. मी पर्शियन निवडली तर उत्तर आलं की तुम्हाला घर आवडतं, वरून थंड वाटता पण आतून हळव्या आहात, आणि एखादा निर्णय घेतला की तो बरोबर होता का याचा नंतर विचार करत बसता. ताई, ही शंभर टक्के मीच आहे! आता मला पर्शियनच आणायचीय. खरंच काही तथ्य असतं का यात?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ते वर्णन तुला लागू पडलं याचं मला नवल नाही वाटलं, कारण ते मलाही पडतं, माझ्या सासूबाईंनाही पडतं. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गातल्या 39 मुलांची चाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हातात 'हा तुझा स्वभाव' म्हणून एक कागद दिला. मुलांनी त्या कागदाला 5 पैकी सरासरी 4.26 मार्क दिले आणि मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, तोही भविष्याच्या पुस्तकातून घेतलेला. निर्णय घेतल्यावर शंका येते हे वाक्यसुद्धा त्यात होतं. कुणाला येत नाही शंका?

मांजरवाले आणि कुत्रेवाले यांच्यात थोडा फरक दिसतो हे मात्र खरं आहे. 2010 मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या सॅम गॉसलिंग यांनी साडेचार हजारांवर लोकांना प्रश्न विचारून पाहिलं तर कुत्रेवाले जास्त बोलके आणि शिस्तीचे निघाले, मांजरवाले नव्या कल्पनांना जास्त मोकळे पण जरा काळजीखोर. पण हा सरासरीचा हिशोब झाला, त्यावरून ठाण्यातल्या एका मुलीचा स्वभाव नाही सांगता येत.

मला विचारशील तर आवडीवरून स्वभाव कळत नाही, आपल्याला सध्या कशाची भूक आहे ते कळतं. सकाळ-संध्याकाळ लोकलने ये-जा करणाऱ्या मुलीला सोफ्यावर निवांत पसरलेलं, कसलीच घाई नसलेलं मांजर आवडतं यात मला तर सगळं स्पष्ट दिसतं बघ. तुला तो निवांतपणा हवाय. पण पर्शियनचा निवांतपणा फुकट मिळत नाही गं, तो तुला रोज कंगवा घेऊन कमवावा लागेल.

या लांब केसांच्या मांजरांची युरोपला ओळख करून देणाऱ्यांत पिएत्रो देला वाल्ले हा इटालियन प्रवासी होता, 1620 च्या सुमारास त्याने इराणमधून त्यांच्याबद्दल कौतुकाने लिहिलं आणि नंतर तोच माणूस सुरत आणि गोव्यातही येऊन गेला. त्याने पाहिलेल्या मांजरांचं तोंड आजच्यासारखं चपटं नव्हतं, ते नंतर पैदास करणाऱ्यांनी आणलं. नाक आत गेलं की डोळ्यातलं पाणी नीट वाहून जात नाही, मग डोळ्यांखाली तांबूस चिकट डाग पडतात, श्वास घेताना घरघर होते आणि आपल्या मे महिन्यात तर जीव अगदी मेटाकुटीला येतो. शिवाय किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आजार या जातीत पिढ्यान् पिढ्या चालत आलाय, त्याची जनुकीय टेस्ट होते, ती आई-बाप दोघांचीही निगेटिव्ह असल्याचा कागद बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नकोस.

एक पर्शियन बोका माझ्याकडे सव्वा महिना होता, एका सोसायटीच्या जिन्यात कुणीतरी सोडून गेलं होतं त्याला. लांबून बघितलं तर कापसाचा गोळा. हात फिरवला आणि बोटं अडकली, काखेत आणि पोटाखाली केसांच्या गुठळ्या होऊन त्यांची चामड्यासारखी जाड पाटी झाली होती आणि पाय पुढे टाकताना ती कातडी ओढायची म्हणून तो चालतच नव्हता, आम्हाला दोन दिवस वाटत राहिलं की किती शांत बोका आहे! डॉक्टरांनी भूल देऊन ते सगळं कापून काढलं आणि त्या संध्याकाळी तो घरभर पळाला. रोज पंधरा-वीस मिनिटं केस विंचरणं, ओल्या कापसाने डोळे पुसणं हे तुला रात्री साडेनऊला घरी आल्यावर जमणार असेल तर जरूर आण. एवढं प्रामाणिकपणे स्वतःला विचारलंस की क्विझपेक्षा जास्त कळेल.

प्रश्न : माझी मुलगी 13 वर्षांची आहे. तिला कान दुमडलेलं स्कॉटिश फोल्डच हवंय, दुसरं कुठलंही नको. माझी बहीण म्हणाली की त्या मांजरांना कायम दुखत असतं आणि असली जात आवडणं म्हणजे नुसती शोबाजी. मुलगी दोन दिवस रडतेय. मी काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर : आधी मुलीचे डोळे पुसा आणि तिला सांगा की तिची आवड वाईट नाहीये. गोल तोंड, मोठे डोळे, चपटे कान असं काही दिसलं की माणसाच्या आत बाळाला बघून जे होतं तेच होतं, कॉनरॅड लोरेन्झ यांनी 1943 मध्येच हे मांडलं होतं. म्हणजे तिला फोल्ड आवडतं ते तिच्या मनात माया आहे म्हणून, शोबाजी कुठून आली त्यात.

तुमच्या बहिणीने स्वभावाबद्दल जे म्हटलं ते चूक, पण मांजराबद्दल म्हटलं ते बरोबर आहे. 1961 मध्ये स्कॉटलंडच्या पर्थशायरमध्ये एका शेतावर सूझी नावाची पांढरी मांजरी सापडली, तिचे कान पुढे दुमडलेले होते, तिच्यापासून ही जात निघाली. कान दुमडतात कारण तिथली कूर्चा, म्हणजे कानाला ताठ ठेवणारं ते लवचीक हाड, नीट बनत नाही. आणि कूर्चा काय फक्त कानात असते का? पंजात, घोट्यात, शेपटीत सगळीकडे असते. म्हणून कान दुमडलेल्या मांजराच्या सांध्यांतही तो दोष असतोच, कुणाला कमी त्रास होतो, कुणाला लहानपणापासून. ब्रिटनच्या मुख्य मांजर संस्थेने 1970 च्या दशकातच या जातीची नोंदणी थांबवली होती. मी डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर एक फोल्ड मांडीवर घेतलं होतं, शेपटीखालून हात घातला तर ती वाकेचना, काठीसारखी. मांजर ओरडलं नाही, फक्त अंग आखडून घेतलं. मांजरं दुखणं दाखवत नाहीत, तिथेच तर सगळी फसगत होते.

मुलीला हे सगळं सांगा, लपवू नका. 13 वर्षांच्या मुलीला कळतं, आणि जिला एवढी माया आहे ती स्वतःच नको म्हणेल असं मला मनापासून वाटतं. मग ती ब्रिटिश शॉर्टहेअर मागेल कारण तेही गोलमटोल असतं, तर तेव्हाही एक गोष्ट माहीत असू दे. हेलसिंकी विद्यापीठात 5,726 मांजरांचा अभ्यास झाला, 2019 मध्ये छापून आला, त्यात माणसांशी सगळ्यात कमी लगट करणारी जात ब्रिटिश शॉर्टहेअर निघाली. (त्याच अभ्यासात दिसलं की मांजराच्या स्वभावातला जवळजवळ अर्धा फरक आनुवंशिक असतो, म्हणजे जात आपला नाही पण मांजराचा स्वभाव थोडाफार सांगते.) तिला कुशीत घेऊन झोपायला मांजर हवं असेल तर नुसता चेहरा बघून चालायचं नाही. नाशिकमध्ये रस्त्यावरची पिल्लं सांभाळून दत्तक देणारे लोक आहेत, तिला घेऊन एक रविवार तिथे जाऊन बसा. नुसतं बसा, तासभर.

प्रश्न : नमस्कार. वय 68, सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला मुलाकडे आलोय. सौ. गेल्या वर्षी गेली. सूनबाईचं सयामीज मांजर दिवसभर माझ्याशी बोलतं, मी खोली बदलली की मागून ओरडत येतं, आणि मला ते फार आवडू लागलंय. सून म्हणते, बाबा, सयामीज आवडणारी माणसं एक्स्ट्रोव्हर्ट असतात. मी तर आयुष्यभर घुम्या म्हणूनच ओळखलो गेलो. आणि एक, ऑपरेशनला मांजराच्या पोटावरचे केस काढले होते ते काळपट उगवलेत, काही आजार नाही ना?
– एक आजोबा

उत्तर : काका, आधी केसांचं सांगते म्हणजे काळजी मिटेल. सयामीजच्या अंगात रंग तयार करणारं द्रव्य ऊब असली की काम करत नाही, गारवा असला की करतं. म्हणून धड पांढुरकं आणि कान, नाक, पाय, शेपटी ही गार टोकं काळी. केस काढल्यावर पोटाची कातडी गार पडली म्हणून तिथे गडद केस आले, नवे केस येतील तसा रंग बहुतेक पुन्हा फिका होईल.

आणि स्वभावाचं म्हणाल तर मला उलटंच वाटतं. घुम्या माणसाला बडबडं मांजर आवडणारच, कारण बोलणं सुरू करायचं काम त्याच्यावर येत नाही. तुमच्या घरी आधी ते काम कोण करत होतं ते तुम्हीच मला पत्रात लिहिलंय, काका. त्या मांजराशी बोला, मराठीतच बोला. तिच्याकडे बघून हळूहळू डोळे मिटा आणि उघडा, ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी 2020 मध्ये दाखवलं की मांजर याला तसंच उत्तर देतं आणि जवळही येतं. आणि परत यायच्या आधी सूनबाईंना सांगून ठेवा की तुम्ही गेल्यावर पहिले काही दिवस तिच्याशी जरा जास्त बोला, ती तुम्हाला शोधेल.

प्रश्न : आमच्या पडवीत एक भाटी व्यालीय, चार पिल्लं, आज अठरा दिवस झाले. सासूबाई स्वतः जेवायच्या आधी तिच्यासाठी बांगड्याचं डोकं बाजूला काढतात. मुंबईची नणंद आली होती, म्हणाली गावठी मांजर आवडणाऱ्यांची आवडच गावठी, आमच्याकडे बंगाल जातीचं मांजर आहे. सासूबाईंना लागलं ते.
– एक सून, कुडाळ

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हे त्यांना वाचून दाखवा. मांजर माणसाच्या वस्तीला आलं त्याला दहा हजार वर्षं होत आली, धान्य साठवलं, उंदीर आले, त्यांच्या मागे मांजर आलं. आणि जातींचं हे सगळं कौतुक केव्हाचं, तर लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं ते मोठं प्रदर्शन भरलं 1871 मध्ये. दीडशे वर्षं! तुमच्या नणंदेकडचं बंगाल तर आशियाई बिबट्या मांजर आणि घरातलं मांजर यांच्या संकरातून अमेरिकेत तयार केलं, नाव त्या रानमांजराच्या शास्त्रीय नावावरून पडलं, आणि ते रानमांजर आपल्या सह्याद्रीत राहतं. तेव्हा कुणाची आवड कुठली हा वाद कशाला.

सासूबाईंनी मांजर निवडलंच नाही हो. जी दाराशी आली तिला ठेवून घेतली आणि आपल्या ताटातलं दिलं. यावरून माणूस कळतो असं मी नक्की म्हणेन, निवडीवरून मला एवढं नसतं सांगता आलं.

आता पिल्लांचं बघा, कारण दिवस महत्त्वाचे आहेत. दोन ते सात आठवडे या वयात पिल्लू माणसाला सरावतं, नंतर ते फार अवघड जातं, तुमची पिल्लं आत्ता त्याच वयात आहेत. भाटी चिडत नसेल तर रोज थोडा वेळ प्रत्येकाला हातात घ्या, एकट्या सासूबाईंनी नको, तुम्ही, मुलं, शेजारचं कुणी, वेगवेगळे हात लागू देत. भाटी पिल्लांना पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून पिल्लं खायला लागली की तिच्या ऑपरेशनचं डॉक्टरांना विचारून ठेवा. बांगड्याच्या डोक्यातले काटे काढून द्या, मीठ-मसाल्याचं नको. आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू कुणालाही देऊ नका, मागायला आलेल्या मावशी कितीही घाईत असल्या तरी.