लाकूड जिथलं, जाळ तिथला

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले होते की सहलीला निघताना घरचं जळाऊ लाकूड गाडीत टाकून नेऊ नका, त्यातून झाडं मारणारे किडे नव्या जागी पोहोचतात. त्या एका ओळीवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही शंका विचारणारी, काही चक्क रागावलेली. वनकीटकांच्या कामात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे रागाची सवय आहे. हा सगळा अंक याच पत्रांना.

ताई, आमच्या अंगणातला अ‍ॅश वृक्ष वठला म्हणून कापला. दोन वर्षं लाकूड शेडमध्ये वाळतंय, आता खडखडीत झालंय. कीड कुठेही दिसत नाही. कॅम्पिंगला जाताना हेच नेलं तर काय बिघडतं? फुकटचं असताना विकत कशाला घ्यायचं?

आधी मीच एक प्रश्न विचारते. झाड वठलं कशानं? अ‍ॅश हा उत्तर अमेरिकेतला मोठा सावलीचा वृक्ष, तो एकाएकी वठत नाही. शेंडा विरळ होत गेला असेल, बुंध्यातून नवे धुमारे फुटले असतील, सुतारपक्ष्यांनी सालीचे टवके उडवले असतील, तर माझा पहिला संशय एमराल्ड अ‍ॅश बोररवर. हा पन्न्यासारखा हिरवा चकाकणारा भुंगेरा आहे, लांबीला जेमतेम अर्धा इंच. मूळचा पूर्व आशियातला.

आता 'कीड दिसत नाही' याबद्दल. मादी सालीच्या भेगेत अंडी घालते. अंडं साधारण मिलिमीटरभर, तेही सालीच्याच रंगाकडे झुकणारं. अळी बाहेर आली की थेट साल पोखरून आत शिरते, आणि तिचं हे आत जाणं बाहेरून कुणालाच कळत नाही. पुढचं सगळं आयुष्य सालीखाली. बाहेरून दिसणारं भोक पडतं ते अगदी शेवटी, पूर्ण वाढलेला भुंगेरा बाहेर पडतो तेव्हा. म्हणजे भोक दिसलं तर त्यातला किडा निघून गेलेला असतो, आणि भोक नसलेल्या ओंडक्यात तो अजून असू शकतो. लोक बरोबर उलटा अर्थ लावतात.

तुमच्या ढिगातला एखादा जाड ओंडका घ्या आणि उजेडात फिरवून बघा. इंग्रजी 'डी' अक्षरासारखं, एक बाजू सपाट असलेलं, तीन-चार मिलिमीटरचं भोक दिसतं का? मग एखादी बळकट सुरी सालीच्या कडेला घालून साल उचका. किडलेली साल मोठ्या पापुद्र्याने सुटून येते. खाली लाकडावर नागमोडी नक्षी दिसेल, वळणं घेत घेत रुंद होत जाणारी, तपकिरी भुशाने गच्च भरलेली. तो भुसा म्हणजे अळीची विष्ठा आणि चघळलेलं लाकूड. नक्षीच्या टोकाशी अळी सापडली तर ती चपटी, पिवळट पांढरी असते आणि शेपटीकडचा शरीराचा प्रत्येक खंड घंटेच्या आकाराचा असतो. झाडातलं पाणी आणि अन्न वाहून नेणारा थर नेमका इथेच असतो. शेकडो अळ्यांनी तो चहूबाजूंनी कुरतडला की झाड उपाशी मरतं. लागण झालेलं झाड बहुधा दोन ते पाच वर्षांत जातं.

दोन वर्षं वाळवल्याने धोका कमी झालाय हे मी मान्य करते. पण झाड कापल्यानंतर दोन वर्षांपर्यंत लाकडातून हे भुंगेरे बाहेर पडू शकतात, त्यामुळे तुम्ही अगदी काठावर आहात. शिवाय वाळत पडलेला ढीग ही काही बंद पेटी नव्हे. स्पाँजी मॉथ नावाच्या पतंगाची मादी झाडाच्या खोडावर जशी अंडी घालते तशीच रचलेल्या लाकडांवर, बाकांच्या खाली, गाडीच्या चाकाआडही घालते. एकेका पुंजक्यात शेकडो अंडी, वर पिवळसर लव. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात घातलेली ही अंडी पुढच्या वसंतापर्यंत तशीच असतात आणि त्यांना लाकूड ओलं की सुकं याच्याशी काही देणंघेणं नसतं.

तेव्हा ते लाकूड घरीच जाळा. तिथे ते फुकट आहेच.

कीटकांना पंख असतात. ते आज ना उद्या उडत जाणारच. मग माझ्या डिकीतल्या चार लाकडांनी असा काय फरक पडतो?

हे पत्र रागावलेल्या गटातलं, पण प्रश्न रास्त आहे.

एमराल्ड अ‍ॅश बोररच्या बहुतेक माद्या ज्या झाडातून बाहेर पडतात तिथून काहीशे मीटरच्या आतच अंडी घालतात. एखादी चिवट मादी काही किलोमीटर जाते. त्याच्यावर सोडलं असतं तर तो एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात सरकायलाच वर्षं लागली असती. उत्तर अमेरिकेत तो पहिल्यांदा ओळखला गेला २००२ साली, डेट्रॉइटच्या आसपास. बहुधा जहाजाने आलेल्या मालाच्या लाकडी खोक्यांतून आला आणि ओळख पटण्याआधी काही वर्षं तिथे मुरला होता. २०१३ मध्ये तो कोलोरॅडोतल्या बोल्डरला सापडला. तोवरची त्याची सर्वांत जवळची वस्ती तिथून शेकडो किलोमीटर पूर्वेला होती, आणि मधल्या मोकळ्या माळरानात त्याला पोसायला अ‍ॅशची झाडंही फारशी नाहीत. इतकं अंतर हा किडा उडून जात नाही, त्याला कुणीतरी गाडीतून नेतं. रोपं, ओंडके, सरपण, यांपैकीच कशातून तरी.

आणखी एक गैरसमज या पत्रातच आहे: 'आम्ही काही देशाची सीमा ओलांडत नाही.' गोल्डस्पॉटेड ओक बोरर हा भुंगेरा अ‍ॅरिझोनाचा रहिवासी. तिथल्या ओक वृक्षांशी त्याचं बऱ्यापैकी जमतं, जंगलं ओस पडत नाहीत. तोच शेजारच्या कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या डोंगरांत पोहोचला आणि तिथले जुने ओक मरू लागले. २००८ मध्ये या मरणाचा संबंध त्याच्याशी जोडला गेला. तो तिथे सरपणातून आला असावा, असंच तज्ज्ञ मानतात. मधे वाळवंट आहे, आणि वाळवंटात ओक नसतात. देश तोच, तरी झाडांच्या दृष्टीने तो परदेशीच.

चार लाकडांचंही सांगते. नवी वस्ती व्हायला ट्रकभर माल लागत नाही. एका ओंडक्यातून नर-माद्या मिळून पाचपंचवीस भुंगेरे निघाले आणि कॅम्पच्या जागेवर त्यांना हवं ते झाड समोरच उभं असलं की झालं. लोक लाकूड नेऊन टाकतात तेही नेमकं जंगलाच्या कुशीत.

दुकानातल्या पाकिटावर 'किल्न ड्राइड' लिहिलेलं असतं. ते चालतं ना?

नेहमीच नाही. भट्टीत वाळवणं आणि भट्टीत तापवून कीड मारणं ही दोन वेगळी कामं आहेत. विक्रेत्याला लाकडातलं पाणी कमी करायचं असतं, ते कमी तापमानालाही होतं. किडा मरायचा तर ओंडक्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचावी लागते आणि तिथे टिकावीही लागते. अमेरिकी कृषी खात्याचं सरपणासाठीचं प्रमाण आहे गाभ्यात ६० अंश सेल्सियस, सलग ६० मिनिटं. तेव्हा 'उष्णता प्रक्रिया केलेलं' असं स्पष्ट लिहिलेलं आणि सरकारी यंत्रणेचा शिक्का असलेलं पाकीट बघा.

एक वाचक विचारतात की माल रचायच्या लाकडी पॅलेटवर 'एचटी' (हीट ट्रीटमेंट, म्हणजे उष्णता प्रक्रिया) असा शिक्का असतो, तो हाच का. नाही. तो मालाच्या आवेष्टनासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का. तिथे प्रमाण ५६ अंश आणि ३० मिनिटं असं आहे. त्याच शिक्क्यात 'एमबी' ही अक्षरं दिसली तर ते लाकूड मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं आहे, शेकोटीत घालू नका.

शिक्क्याचं पाकीट मिळालं नाही तर सर्वांत सोपं म्हणजे जिथे जाळायचं तिथल्याच परिसरातलं लाकूड घ्या. विकणाऱ्याला सरळ विचारा, झाड कुठे तोडलं? अमेरिकेत ठोकताळा असा सांगतात की ८० किलोमीटर म्हणजे फार लांब, १६ किलोमीटरच्या आतलं उत्तम. उत्तर देताना विक्रेता घुटमळला तर पुढच्या माणसाकडे जा.

लाकूड पाण्यात बुडवून ठेवलं, डीप फ्रीजरमध्ये घातलं किंवा वरून कीटकनाशक फवारलं तर?

तिन्ही नको. सालीखालचे बरेच किडे मुळात थंड प्रदेशातले, हिवाळा काढायची त्यांची तयारी असते. फवारा सालीच्या आत पोहोचत नाही. पोहोचला असता तरी ते लाकूड पेटवून त्याच्या धुरात तुम्हीच बसणार आहात.

आम्ही तर लाकूड घेऊन आलोय. पत्र कॅम्पवरूनच लिहितेय. आता काय करू?

तुमचं पत्र छापून येईपर्यंत तुम्ही घरी पोहोचला असाल, पण इतरांसाठी लिहिते. सगळं जाळून टाका, जास्त झालं तरी. उरलेलं 'पुढच्या माणसाला उपयोगी पडेल' म्हणून ठेवून देणं हा चांगुलपणा इथे महागात पडतो. झाडीत फेकू नका आणि परतही आणू नका, कारण आता त्याला तिथलंही काही चिकटलेलं असू शकतं. गाडीच्या डिकीत सालीचे तुकडे आणि भुसा सांडलेला असतो, तोही झाडून आगीत घाला. लोक नेमकं हेच विसरतात. साल हाच तर सगळ्यात जोखमीचा भाग.

ओक असेल तर आणखी एक गोष्ट. ओक विल्ट या बुरशीने मेलेल्या तांबड्या ओकच्या सालीखाली बुरशीचे गादीसारखे थर धरतात, त्यांना आंबूस फळासारखा वास येतो आणि रस चोखणारे छोटे भुंगेरे त्यावर येऊन बीजाणू अंगाला लावून घेतात. असं लाकूड एखाद्याच्या जागेत पडूनच असेल आणि लगेच जाळता येत नसेल, तर जाड प्लॅस्टिकखाली झाकून कडा मातीत गाडून टाकायला सांगतात.

घर बदलतोय. आजोबांनी अ‍ॅशच्या लाकडाचं केलेलं टेबल न्यायचं की नाही?

खुशाल न्या. साल काढलेलं, रंधा मारलेलं, पॉलिश केलेलं जुनं लाकूड या भुंगेऱ्याच्या काही कामाचं नाही. अंगणात बाहेर ठेवलेल्या खुर्च्या मात्र उलट्या करून खालून बघून घ्या. स्पाँजी मॉथचं वर लिहिलंच आहे.

अमेरिकेच्या सरकारनेच एमराल्ड अ‍ॅश बोररसाठीची लाकूड-बंदी उठवली असं वाचलं. मग तुम्ही अजून तेच का सांगता?

वाचलंत ते खरं आहे. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने अ‍ॅश बोररसाठीचं विलगीकरण, म्हणजे बाधित भागातून लाकूड बाहेर नेण्यावरचे निर्बंध, संपवलं. किडा इतका पसरला होता की नाके सांभाळण्यात पैसा घालण्यापेक्षा त्याच्या अळ्या-अंड्यांवर जगणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या सोडण्यावर तो खर्च करावा, असा तो हिशेब. मला तो निर्णय पटतो. पण त्याचा अर्थ 'आता चालतं' असा लावणं पटत नाही. राज्यांचे आणि उद्यानांचे आपापले नियम आहेतच. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, हा किडा ओरेगॉनमध्ये सापडला. एखाद्या गावात तो दहा वर्षं उशिरा आला तर त्या गावाला झाडं मोजायला, निवडक झाडांना औषध द्यायला, दुसऱ्या जातीची रोपं लावायला दहा वर्षं मिळतात. हा वेळ फार मोलाचा असतो.

आणि बंदीचा उपयोग होतो याचं उदाहरणही आहे. एशियन लाँगहॉर्न बीटल हा काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, लांब मिशांचा भुंगेरा. त्याचं भोक गोल असतं, पेन्सिल आत जाईल एवढं. मेपल त्याचा आवडता. शिकागोमध्ये १९९८ साली तो सापडला, बाधित झाडं तोडली गेली, लाकडाच्या वाहतुकीवर निर्बंध आले, आणि २००८ मध्ये शहर त्याच्यापासून मुक्त जाहीर झालं. तो सावकाश पसरतो, म्हणून हे जमलं. त्याला गाडी मिळाली असती तर जमलं नसतं.

संशयित किडा दिसला तर कुणाला आणि कसं कळवायचं?

आपल्या भागातल्या वन किंवा कृषी खात्याला. भुंगेरा, भोक आणि झाड, तिघांचे फोटो काढा, भोकाशेजारी एखादं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. झाड कुठलं आणि नेमकं कुठे आहे ते लिहा. भुंगेरा पकडता आला तर झाकणाच्या बाटलीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. हिवाळा काढायची तयारी सालीखालच्या अळीची असते, बाहेर पडलेल्या भुंगेऱ्याची नाही, म्हणून तो तिथे मरतो.

आणि कृपा करून लाकूड घेऊन येऊ नका. एक सद्गृहस्थ मला दाखवायला म्हणून किडलेला आख्खा ओंडका तीन तास गाडी चालवत, खिडक्या उघड्या ठेवून, कार्यालयात घेऊन आले होते. ओळख अचूक होती त्यांची. आम्हाला मात्र त्यांच्या वाटेवरची गावं तपासत बसावं लागलं.