घोडबंदर ते बीकेसी रोजचा प्रवास, ड्रायव्हर आहे: ई-क्लास की ५ सिरीज?

ड्रायव्हर आहे आणि तुम्ही रोज मागे बसणार, तर मर्सिडीज ई-क्लासच घ्या. भारतात दोन्ही गाड्या लाँग व्हीलबेसमध्येच मिळतात, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेल्या रूपात. ई-क्लासचा व्हीलबेस ३,०९४ मिमी आणि बीएमडब्ल्यू ५ सिरीजचा ३,१०५, म्हणजे पाय पसरायला दोन्हींत भरपूर जागा आहे. खरा फरक पाठीचा. ई-क्लासची मागची सीट बटण दाबून कलते आणि कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकल्यावर तेच जाणवतं. आईला दोन्ही गाड्यांत मागे बसवून घोडबंदरच्या खड्ड्यांतून चक्कर मारली होती. ई-क्लासमध्ये तिने वरचं हँडल एकदाही धरलं नाही!

मात्र शनिवार-रविवारी स्टिअरिंग स्वतःच्या हातात ठेवणार असाल, तर ५ सिरीज चालवायला जास्त मजा येते, माझं मत लगेच बदलेल.

आणि बुकिंगआधी टेप घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाच. ई-क्लासची लांबी ५,०९२ मिमी, ५ सिरीजची ५,१६५. ठाण्यातल्या टॉवरमध्ये स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवणारं यांत्रिक पार्किंग) असेल तर आधी पॅलेटची, म्हणजे गाडी ज्यावर उभी राहते त्या प्लॅटफॉर्मची, लांबी आणि वजनाची मर्यादा बघा. गाडी तिथे बसली नाही, तर बाकी सगळी तुलना फुकट.