शब्दचर्चा : ‘होडी’चे उत्तर ‘तरी’ कसे?

प्रश्न : दापोलीकडच्या एका घरातल्या जुन्या कात्रणांत १९५८ सालचे शब्दकोडे आहे. आडव्या शब्दाचा संकेत ‘होडी’, घरे दोन, आणि पुढच्या अंकात छापलेले उत्तर ‘तरी’. सरळ ‘नाव’ का नाही? ही छपाईची चूक तर नव्हे? शिवाय त्याच ‘त’वरून खाली उतरणारा ‘सूर्य’ हा तीन घरांचा शब्द कोणता? तिथले उत्तर फाटून गेले आहे.

उत्तर : चूक नाही. तरि किंवा तरी हा संस्कृतातला स्त्रीलिंगी शब्द, अर्थ नौका. धातू ‘तॄ’, म्हणजे तरून पलीकडे जाणे. मराठीतले तरणे, तारू, नदीचा उतार हे सगळे त्याच कुळातले. खाडीकाठच्या माणसाला तर तो अगदीच परका वाटू नये, कारण पलीकडच्या काठाला नेणारी होडी ती ‘तर’. फक्त एक लक्षात ठेवा : ‘तरीवर चला’, ‘तरीतून आलो’ यांतले ‘तरी’ हे ‘तर’चे सामान्यरूप आहे. कोड्यातला शब्द मुळातच ईकारान्त. नाते चुलत भावंडांचे.

कोशात शोधताना घोटाळा होतो तो इथे. ‘तरी’ या रूपाखाली निरनिराळे शब्द येतात. एक अव्यय, ‘असे असूनही’ या अर्थाचे. एक रश्श्यावरची तेलाची तरी. एक सातबाऱ्यावरची, जिरायत, बागायत, वरकस यांच्या शेजारची ‘तरी’, म्हणजे भाताची ओली जमीन. ही फारसी ‘तर’ म्हणजे ओले, यावरून आली, होडीशी तिचा काही संबंध नाही. तेव्हा दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उघडलात तर पहिल्या नोंदीवर थांबू नका, [सं.] म्हणजे संस्कृत अशी खूण असलेली नोंद गाठा. त्याहून जवळची वाट अमरकोशाची, म्हणजे संस्कृत समानार्थी शब्दांच्या जुन्या पद्यकोशाची : पहिल्या कांडातल्या वारिवर्गात, म्हणजे पाण्याविषयीच्या शब्दांत, नौ, तरणि, तरि एका ओळीत बसले आहेत आणि लगेच पुढे उडुप, प्लव, कोल. जुन्या कोडेकारांची अर्धी शिदोरी याच वर्गातली असावी असे कोडी सोडवताना वाटत राहते.

आता ‘नाव’ का नाही. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरही एकच घर घेते. इंग्रजी कोड्यात एका घराला २६ पर्याय. आपल्याकडे ३४ व्यंजने आणि बाराखडी धरली तरी चारशेच्या वर जातात, जोडाक्षरे वेगळीच. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द एका घरात जुळवणे फार कठीण. रचणाऱ्याला जिथे ‘त’ आणि ‘री’च हवे असते तिथे तो ‘तरी’ घालतो आणि संकेत देतो नुसता ‘होडी’. यात पांडित्य फारसे नाही, अडचणीतून काढलेली वाट आहे. अलि (भुंगा), पिक (कोकीळ), अहि (साप), नग (पर्वत), रव (आवाज) हे शब्द पुन्हापुन्हा भेटतात ते याच कारणाने.

दोन घरांची होडी म्हटली की पर्याय पुष्कळ : नाव, नौका (‘नौ’ एकच घर, हे हमखास विसरले जाते), तारू, डोण, तरी. संकेतात ‘मोठी’ किंवा ‘समुद्रातली’ असा इशारा असेल तर तारू. ‘एकाच लाकडाची, कोरलेली’ असेल तर डोण. हीच डोण विहिरीकडेला पाण्याची दगडी कुंडी म्हणूनही येते, कुठे दोण म्हणतात. तीन घरे असतील तर मचवा, पडाव, शिबाड आणि पगार. हा पगार छोट्या होडीचा, महिन्याचा नव्हे. महिन्याचा पोर्तुगीजांकडून आला.

१९५८ हे साल महत्त्वाचे आहे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२चे. त्याआधी माणसाचे ते ‘नांव’ आणि होडी ती ‘नाव’, अनुस्वाराने वेगळे. आजच्या सवयीने ‘व्यक्तीची ओळख’ या संकेताला ‘नाव’ भरलेत तर ‘ना’वरून जाणारा उभा शब्द अडेल, कारण तिथे ‘नां’ हवे. तसेच कवि, हरि, वारि हे तत्सम शब्द तेव्हा शेवटी ऱ्हस्व. म्हणजे ‘तरि’ की ‘तरी’ याचा निकाल दुसऱ्या घरातून जाणारा शब्द देतो : तो ‘हरिण’ असेल तर रि, ‘शफरी’ (लहान मासळी) असेल तर री. संस्कृतात दोन्ही रूपे असल्यामुळे कोडेकाराला इथे पळवाट मिळते. चौकटीखाली ऱ्हस्व-दीर्घाबद्दल सूचना छापली असेल तर ती आधी वाचा.

आपल्या दमट हवेत कात्रणांना कसर लागते, आणि तिने पाडलेले भोक किंवा बुरशीचा ठिपका अक्षरावर आला की तो अनुस्वार दिसतो. कागद उजेडासमोर धरा. भोकातून उजेड येतो, शाईच्या ठिपक्यातून येत नाही. बुरशीचा ठिपका कडांना पसरट आणि तपकिरी असतो, छपाईचा गोल आणि बाकी मजकुराइतकाच काळा.

‘सूर्य’ला तीन घरे आणि सुरुवात ‘त’ : दोन शब्द बसतात, ‘तपन’ आणि ‘तरणि’. तरणिचा दुसरा अर्थ पुन्हा होडीच, म्हणून कोडेकाराने मुद्दाम शेजारी ठेवला असेल असे वाटते खरे, पण तेवढ्यावर भरू नका. खालच्या दोन घरांतून जाणारे आडवे शब्द पाहा. एकात ‘प’ निघाला तर तपन. ‘णि’ निघाली तर प्रश्नच नाही, तरणि. तिथे दीर्घ ‘णी’ आली तर मात्र आडवा शब्द पुन्हा तपासा : ‘तरणी’ म्हणजे मराठीत तरुण बाई, आणि तिला कोणी ‘सूर्य’ असा संकेत देणार नाही.