ग्रीन डेचा ‘केरप्लंक’ कच्चा का वाटतो?

प्रश्न : दादा, मी सांगलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या तिघांच्या बँडमध्ये सहा महिन्यांपूर्वी ड्रम्सवर आले, कारण आधीचा ड्रमर शिकायला बाहेरगावी गेला. मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही सहा गाणी रेकॉर्ड केली. गिटारवाला म्हणतो, आवाज कच्चा आहे, ही पुसून टाकू आणि पैसे जमवून पुण्याच्या स्टुडिओत सगळं नव्याने करू. मला ती गाणी आहेत तशी आवडतात. ग्रीन डे या अमेरिकन पंक रॉक बँडचा दुसरा अल्बम ‘केरप्लंक’ही मला त्यांच्या पुढच्या ‘डूकी’पेक्षा खरखरीत वाटला. त्यांना तेव्हा रेकॉर्डिंग जमत नव्हतं का?

उत्तर : तुझं पत्र आलं त्या रात्री हेडफोन लावून ‘केरप्लंक’ सलग दोनदा ऐकला. बावीस वर्षं रेकॉर्डिंगच्या खोलीत काढलीत, त्या कानाने सांगतो : त्यांना जमत होतं.

आणि त्यांची गोष्ट तुझ्या फार जवळची आहे. १९९० च्या पहिल्या अल्बमवर ड्रम्सला जॉन किफमायर होता. तो कॉलेजला गेला, त्याच्या जागी ट्रे कूल आला. दुसरा अल्बम १९९१ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्याच आर्ट ऑफ इअर्स स्टुडिओत, त्याच अँडी अर्न्स्टच्या हाताखाली झाला. गाणारा बिली जो आर्मस्ट्राँग तोच, बेसवर माइक डर्न्ट तोच, छोटी लुकआउट कंपनीही तीच. बदलला तो ड्रमर, आणि बँडचा चेहराच बदलला. पहिलंच गाणं लाव, ‘टू थाउजंड लाइट इयर्स अवे’. गिटार सोडून दे, नुसता स्नेअर, म्हणजे तो कडक वाजणारा छोटा ड्रम, ऐक. अठरा वर्षांचा मुलगा बाकी दोघांना मागून ढकलत नेतोय. ही धाव पहिल्या अल्बमवर नाही. तुमच्या गाण्यांत तुला जे आवडतंय ते बहुधा हेच असणार, आणि ते तू आणलंयस.

आता ‘वेलकम टू पॅरडाइज’ घे. हे गाणं ‘केरप्लंक’वर आहे आणि ‘डूकी’साठी त्यांनी ते पुन्हा वाजवलं. दोन्ही लागोपाठ ऐक. ‘डूकी’तली गिटार जाड, भरलेली, प्रत्येक वाद्य आपापल्या जागी. निर्माता रॉब कॅवालो, मोठ्या कंपनीचा पैसा, आणि पहिलं मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांची एकत्र जुळणी, मनासारखं झालं नाही म्हणून पुन्हा मिक्स करण्याची सोय. ‘केरप्लंक’मध्ये गिटार बारीक आहे, तिला कडा आहे, आवाज एकमेकांवर सांडतात. मध्ये गाणं थांबतं आणि बेस एकेक पायरी खाली उतरत जातो, तिथे तर तिघं एका खोलीत दाटीने उभे आहेत असं वाटतं. गाणं घर सोडलेल्या मुलाचं आहे. पहिल्या कडव्यात आईला सांगतो, तीन आठवडे झाले. पुढे सहा महिने होतात. बिली जो स्वतः घर सोडून ओकलंडमध्ये पडक्या जागेत राहिला होता. १९९१ मध्ये तो १९ वर्षांचा, ती जागा अजून अंगावर होती. ‘डूकी’तलं गाणं जास्त चांगलं रेकॉर्ड झालंय हे मी मान्य करतो. मला हवं असतं ते पहिलं.

म्हणून ती सहा गाणी पुसू देऊ नकोस. गिटारवाल्याचं पूर्ण चुकतंय असंही नाही. कच्चा आवाज चालतो, पण गिटार सुरात नसेल, लय मधेच ढळत असेल, गाण्याचे शब्द झांजांखाली बुडत असतील, तर ते कच्चं नाही, चुकलेलं आहे. ते आत्ताच, त्याच खोलीत पुन्हा करा. पुण्याचा खर्च सहा गाण्यांवर नको. तुम्हा तिघांना सगळ्यात जवळचं एक गाणं निवडा आणि वर्षभर लोकांसमोर वाजवून झालं की तेवढंच घेऊन जा.

तोवर बेस ड्रमच्या पोटात एक जुनी गोधडी घडी करून ठेव, मागच्या कातड्याला जेमतेम टेकेल अशी. गच्चीवरच्या खोलीत तो ड्रम घुमतो आणि बेस गिटार गिळून टाकतो. गोधडी ठेवून एक गाणं पुन्हा घे आणि जुन्याशेजारी लावून ऐक.