पीएचडीचा अर्ज नेमका कोणाचा?

मुलीला पीएचडीला पाठवण्याबद्दलच्या तुमच्या पत्रात 'आम्ही ठरवलं' चार वेळा आलंय, मुलीचं म्हणणं एकदाही नाही. ती डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. रुग्णालयातल्या परिचारिकांना सोबत घेऊन तिने पाळी बदलताना रुग्णाची माहिती पुढे देण्याचं सॉफ्टवेअर आखलं आणि वापरणाऱ्यांनाच सोबत घेऊन आखण्याची ही 'सहभागी डिझाइन'ची पद्धत तिला कंपन्यांमध्ये न्यायची आहे. तुम्ही मात्र तिच्या नावाने पीएचडीचा अर्ज परस्पर भरून मोकळे झालात. तिच्या ६४ टक्के गुणांची चिंता सोडा, या कामात तेवढ्यावरून कुणी दार लावत नाही. 'हल्ली ती घरात फारशी बोलत नाही,' हे वाक्य तुम्ही ताजा कलमात टाकलंय. पत्राची सुरुवातच तिथून व्हायला हवी होती. पीएचडीची चार-पाच वर्षं तिला काढायची आहेत, तुम्हाला नव्हे. आणि तिचा विषयच सांगतो की जी गोष्ट ज्याला रोज वापरावी लागणार, ती घडवण्यात त्याचा हात हवा.

'हे असलं विद्यापीठातच चालतं, कंपनीत कामगारांना कोण विचारतो?' हा तुमचा समज उलटा आहे. सहभागी डिझाइनची मुळं कारखान्यात आहेत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेने क्रिस्टन न्यूगोर या संगणकशास्त्रज्ञासोबत काम केलं. कारखान्यात येणारे संगणक आपलं काम कसं बदलणार, हे कामगारांना स्वतः समजून घ्यायचं होतं. १९८१ ते ८५ दरम्यान स्कँडिनेव्हियातल्या 'युटोपिया' प्रकल्पात वृत्तपत्रांची पानं लावणारे छपाई कामगार आणि संशोधक एकत्र बसले. यंत्रं हाताशी नव्हती, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यावर 'लेझर प्रिंटर' लिहून कामाचा क्रम करून पाहिला. पुढे अमेरिकेत बेलकोर या दूरसंचार क्षेत्रातल्या कंपनीत मायकेल मुलर या संशोधकाने कागद, चिकटणाऱ्या चिठ्ठ्या आणि रंगीत पेनांनी वापरणाऱ्यांकडूनच स्क्रीन मांडून घेण्याची 'पिक्टिव्ह' पद्धत काढली. अडचण वेगळीच आहे. कारखान्यातल्या आणि छपाईतल्या त्या कामगारांच्या पाठीशी संघटना होती, करार होते. साध्या कंपनीत तसं बळ नसतं आणि 'सहभाग' म्हणजे बटणाचा रंग विचारणं एवढंच उरतं. सॉफ्टवेअर आधीच खरेदी झालेलं असतं, कार्यशाळा नंतर ठेवतात. मग लोक एकदा येतात, दुसऱ्यांदा येत नाहीत.

म्हणून तिने पहिली गोष्ट शिकायची ती सौद्याची. कार्यशाळेआधी व्यवस्थापनाकडून एका पानावर लिहून घ्यायचं: कोणते निर्णय अजून खुले आहेत, कोणते झाले आहेत आणि शेवटचा शब्द कोणाचा. खुला निर्णय एकही नसेल तर कार्यशाळा घेऊच नये. एरवी सहा ते आठ माणसं, दोन तास, तेही कामाच्या पगारी वेळेत आणि पाळीवर बदली माणूस देऊन. जेवणाच्या सुट्टीत बोलावलं की फक्त हौशी आणि बोलके तेवढे येतात, रात्रपाळी कायमची वगळली जाते. पहिल्या बैठकीत साहेब नकोत. ते खोलीत असले की माणसं गप्प बसतात, मग आपण समजतो की त्यांना काही म्हणायचंच नाही. तंत्रज्ञ मात्र पहिल्यापासून हवा, नाहीतर महिन्याभराने 'हे जमणार नाही' असा एका ओळीचा मेल येतो. मॉडेल पुठ्ठ्याचंच ठेवायचं. चकचकीत स्क्रीन दाखवली की लोक ती खोडायला संकोचतात. आणि दोन आठवड्यांच्या आत प्रत्येक सूचनेचं काय झालं, नाकारली तर का, हे सहभागी झालेल्यांना लेखी कळवायचं. सगळ्यात जास्त वेळा सुटते ती हीच पायरी.

'सहभागी डिझायनर' या नावाची जाहिरात तिला क्वचितच दिसेल. काम सेवा डिझाइन, वापरकर्ता संशोधन, कामाच्या जागेची सुरक्षितता, नवी प्रणाली बसवणारे विभाग अशा नावांखाली सापडतं. इस्पितळं, सहकारी संस्था, ग्रंथालयं, स्वयंसेवी संस्था इथेही. मुलाखतीत तिने उलटा प्रश्न विचारावा: 'वापरणाऱ्यांच्या म्हणण्यामुळे तुमचा गेल्या वर्षातला कोणता निर्णय बदलला?' उदाहरण देता आलं नाही तर काय समजायचं ते तिला कळेल. पोर्टफोलिओत चिकटणाऱ्या चिठ्ठ्यांनी भरलेल्या भिंतीचे फोटो कमी ठेवावेत. परिचारिकांनी आराखड्यातलं काय खोडलं, त्याजागी काय आलं आणि प्रत्यक्ष पाळी बदलताना ते वापरून पाहिलं तेव्हा काय अडलं, एवढं दाखवलं तरी पुरे.

प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्त्या यांची माहिती संस्थांच्या संकेतस्थळांवर आहे, त्यात इथे वेळ घालवत नाही. पीएचडी वाईट नाही. दोन-तीन वर्षं बाहेर काम करून स्वतःचा प्रश्न घेऊन गेली तर उत्तमच. पण नोकरीच्या भीतीपोटी, त्यातही वडिलांना वाटणाऱ्या भीतीपोटी घेतलेली पीएचडी अर्ध्यावर रखडू शकते.

तेव्हा आज दोन कामं करा. तो अर्ज मागे घ्यायची मुदत कधीपर्यंत आहे ते बघा आणि तो तुम्ही भरलात हे तिला स्वतः सांगा. पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता.